लग्नपत्रिका घरच्या घरी



तुळशीचे लग्न लागले की आपल्या भागात दोन कामांची एकदम घाई उडते. इकडे कारखान्याचे गाळप जोर धरते, तिकडे घरोघरी लग्नाच्या याद्या निघतात. उसाला तोड मिळायची, वजन व्हायचे, बिल खात्यावर पडायचे, याला वेळ लागतो. मंडप, वाजंत्री, बस्ता यांचा इसार मात्र आधी द्यावा लागतो. एरवी या पानावर आम्ही खोडव्याच्या खताविषयी लिहितो. आज थोडे वेगळे लिहीत आहोत, पण हिशेब शेतकऱ्याच्या खिशाचाच आहे.

मागील हंगामात एक सभासद गट कार्यालयात आले. मुलीचे लग्न ठरले होते, तोड लांबली होती. "साहेब, तेवढी तोडीची चिठ्ठी लवकर निघंल का?" चिठ्ठी लागणीच्या तारखेच्या क्रमानेच निघते, ते आमच्या हाती नव्हते. पण त्यांच्या हातात खर्चाचा कागद होता. त्यात लिहिले होते : पत्रिका, नऊशे.

आम्ही विचारले, "नऊशे कशा काढल्या?"

"थोरलीच्या वेळी नऊशेच छापल्या होत्या."

"त्यातल्या उरल्या किती?"

ते हसले. गठ्ठा अजून माळ्यावर होता आणि घरातली पोरं त्याच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवीत होती.

आता बघा, लागण करताना आपण एकरी दहा हजार दोन डोळ्यांच्या टिपऱ्या असा हिशेब धरून बेणे आणतो. पत्रिका मात्र अंदाजाने छापतो. म्हणून पहिले काम मोजणीचे. माणसे मोजू नका, घरे मोजा. एका चुलीला एक पत्रिका. त्यातही तीन भाग करा. मामा, आत्या, व्याही अशा मानाच्या घरी कागदाची पत्रिका हळदकुंकू लावून द्यावी. गावात तोंडी आवतण आणि अक्षता हीच जुनी रीत आहे, ती पुरते. लांबच्या ओळखीच्या मंडळींना मोबाईलवर पत्रिकेचा फोटो आणि मागोमाग फोन. त्या सभासदांच्या घरी संध्याकाळी बसून यादी केली, तेव्हा कागदाच्या पत्रिका दीडशे भरल्या.

दुसरे काम मजकुराचे. वरती कुलदैवत, मग वधू-वरांची पूर्ण नावे, दोघांच्या आईवडिलांची नावे, वार, तारीख, मुहूर्ताची वेळ, लग्नाचे ठिकाण, जवळचा एस.टी. थांबा आणि दोन फोन नंबर. एवढे पुरे. भावकीतल्या पन्नास नावांची रांग लावली की एखादे राहतेच, आणि रुसवा त्या एका नावावरून होतो. त्यापेक्षा 'समस्त' अमुक परिवार असे लिहिले की कोणी सुटत नाही.

नावे आधारकार्डावर आहेत तशीच लिहा. विवाह नोंदणीच्या वेळी कागदपत्रांत लग्नपत्रिकाही मागतात. तिथे नावात वा तारखेत फरक निघाला तर हेलपाटे पडतात. वार आणि तारीख कॅलेंडर समोर ठेवून जुळवा. मजकूर घरातल्या दोघांनी मोठ्याने वाचावा, एकाने लिहिलेला दुसऱ्याने. शंभर प्रती निघाल्यावर सापडलेली चूक फार महाग पडते.

तिसरे काम कागदाचे. ए-फोर आकाराचा जाड कागद मधोमध कापला की दोन पत्रिका होतात. कागद १७० ते २०० जीएसएमचा घ्यावा. त्याहून जाड कागद साध्या झेरॉक्स मशीनमध्ये अडकू शकतो, म्हणून आधी एक कागद घालून पाहावा. झेरॉक्स किंवा लेसर छपाईची शाई ओल्या हाताने पसरत नाही. शाईच्या प्रिंटरची बहुधा पसरते. हळदकुंकू कोरडेच लावावे, तेलाचे बोट नको. घडी घालायची असेल तर पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने आधी रेघ दाबून घ्या, घडी सरळ बसते.

हिशेब असा. दीडशे पत्रिकांना कागद ७५. खराब होतील म्हणून दहा जादा, एकूण ८५. कागदाचे चार आणि छपाईचे तीन असे सात रुपये धरले तर ५९५ रुपये. दीड रुपयाचे पाकीट धरले तर आणखी २२५. सगळे मिळून ८२० रुपये, म्हणजे पत्रिकेला साडेपाच रुपये. तुमच्या गावातला भाव घालून हाच हिशेब पुन्हा मांडा.

त्या घरी मजकूर नवऱ्यामुलीनेच लिहिला. अक्षर सुरेख होते. एका कागदावर काळ्या शाईने दोनदा लिहिला, कडेला तोरण काढले आणि तोच कागद झेरॉक्सला दिला. वडील मात्र घुटमळत होते. "भावकी काय म्हणंल, साहेब? पैसं नव्हतं म्हणत्याल."

खरी अडचण इथेच असते, कागदात नसते. पण साधेपणा आपल्याकडे कमीपणाचा कधी नव्हता. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिले सत्यशोधक लग्न थोडक्या खर्चात लागले. शिवाय पाहुणा कागदाच्या सोनेरी कडेकडे बघून येत नाही, बोलावणाऱ्याच्या तोंडाकडे बघून येतो.

जाता जाता, आपल्या उसाच्या चिपाडापासूनही कागद होतो. तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स हा १९७९ साली स्थापन झालेला उद्योग बगॅसपासून कागद करण्यासाठीच उभा राहिला.

लग्न पार पडले. आम्हीही गेलो होतो. पंगतीत एक वयस्क पाहुणे शेजाऱ्याला सांगत होते, "पत्रिका पोरीनं स्वतः लिहिलीया." आमच्या सभासदांनी ते ऐकले आणि आमच्याकडे बघून नुसती मान हलवली. वाचलेल्या पैशात त्यांच्या खोडव्याचा खताचा पहिला हप्ता वेळेवर पडला, उधारी न करता.

यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी आधी यादी करावी, मग कागद घ्यावा. मोजणीला मदत लागली तर गट कार्यालयात जरूर या. तोडीची चिठ्ठी मात्र क्रमानेच मिळेल.

— ऊस विकास अधिकारी