घोड नदीच्या मुलखातले लिनक्स

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या, म्हणजेच हुतात्मा बाबू गेनू सागराच्या, काठी राहणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशातला अँड्रॉइड फोन आणि शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या दूरदृष्टीतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण, यांच्यात वरकरणी कसलेच साम्य दिसत नसले, तरी दोहोंच्या अंतर्यामी लिनक्स ही एकच प्रणाली कार्यरत आहे.

खोडदच्या दुर्बिणीच्या ३० अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. त्यांनी टिपलेले आकाशातील क्षीण संकेत एकत्र आणून, अँटेनांच्या ४३५ जोड्यांत ते अहोरात्र परस्परांशी ताडून पाहण्याचे जे काम पूर्वी त्यासाठीच घडविलेली यंत्रे करीत, ते २०१०च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या, लिनक्सवर चालणाऱ्या समूहाकडे आले. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभिलेल्या या प्रणालीची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता व वाटता येते. अट एवढीच, की सुधारलेली प्रत दुसऱ्यास देणाऱ्याने तिची संहिताही खुली करावी. विज्ञानाला अशी सनद कोणत्याही मक्त्याहून श्रेयस्कर होय.

फोनची गोष्ट थोडी निराळी. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा व पायाही खुला. परंतु त्यावर बसविलेली कित्येक ॲप्स कंपनीच्या मालकीची असतात, आणि उत्पादकाने सुरक्षेच्या सुधारणा धाडणे थांबविले, की धडधाकट फोनही असुरक्षित होत जातो. म्हणून नवा फोन घेताना किमतीबरोबरच, सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हेही दुकानदारास अवश्य विचारावे.