मोसंबीची रवानगी: ऑनलाइन दुकानाचे दरपत्रक कसे आखावे

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन लाभले असून तिचा लौकिक परमुलखीही पोहोचला आहे. तथापि जो बागायतदार हे फळ ऑनलाइन दुकानातून थेट गिऱ्हाइकाच्या दारी धाडू इच्छितो, त्याने दुकान उघडण्यापूर्वीच रवानगीची तजवीज पक्की करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रथम पेटी मोजावी. बहुतेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी व उंची यांच्या सेंटीमीटरमधील गुणाकारास बहुधा ५००० ने भागून येणारे आकारमानी वजन आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे अधिक, त्यावरच हशील घेतात; म्हणजे ४० × ३० × २५ सेंटीमीटरच्या पेटीत मोसंबी, पेटीसह, ५ किलोच भरली, तरी आकारणी ६ किलोंची होते.

नंतर पिनकोडांनुसार विभाग पाडावेत: जालना-संभाजीनगर परिसर, उर्वरित महाराष्ट्र आणि परराज्ये. जेथे नाशवंत फळ मुदतीत पोहोचण्याची शाश्वती नाही, तो विभाग मोसंबीपुरता निःसंकोच वगळावा. तेथे दगडी ज्वारीसारखा टिकाऊ जिन्नस स्पीड पोस्टाने खुशाल पाठवावा.

घरपोच सेवा मोफत ठेवायची असल्यास किमान खरेदीची रक्कम ठरवावी, आणि हशिलाचा आकडा गिऱ्हाइकास पैसे भरण्यापूर्वीच स्पष्ट दाखवावा. व्यापारातील विश्वास अशा चोख हिशेबावरच उभा राहतो.