पेस्ट कंट्रोलवाल्याची भाषा समजून घेताना

पावसाळा सुरू झाला की दिव्याभोवती वाळवीचे पंखवाले किडे घिरट्या घालू लागतात, सिंकखालून झुरळे बाहेर पडतात आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन जातो. तो कोटेशन पाठवतो : ‘जेल ट्रीटमेंट, ओडरलेस स्प्रे, ड्रिलिंग, एक वर्षाची एएमसी.’ आकडा पाहून घासाघीस होते. शब्दांचा अर्थ विचारायचा मात्र राहून जातो. घरात कोणते रसायन येणार, ते कुठे बसणार आणि किती काळ राहणार, हे याच शब्दांत दडलेले असते.

जेल म्हणजे आमिष

कपाटाच्या बिजागऱ्यांपाशी, ओट्याखाली लावलेले जेलचे ठिपके हे झुरळांसाठी विष मिसळलेले खाद्य असते. त्यात बहुधा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असते. ते खाल्लेले झुरळ लगेच मरत नाही. ते आपल्या फटीत परतते, तिथे मरते आणि त्याची विष्ठा व मृतदेह खाणारी इतर झुरळेही मरतात. म्हणून पुढचे काही दिवस मेलेली झुरळे दिसली, तर उपाय लागू पडला असे समजावे. ठिपके पुसू नयेत आणि त्यांच्यावर बाजारातला स्प्रे मारू नये. स्प्रेमुळे झुरळे दूर पळतात व आमिषाकडे फिरकत नाहीत.

‘ओडरलेस’ म्हणजे बिनविषारी नव्हे

फवारणीचे दोन प्रकार. ‘नॉकडाऊन’ स्प्रेने कीटक तत्काळ लोळतो, पण परिणाम लवकर ओसरतो. ‘रेसिड्युअल’ स्प्रे भिंतीवर, फटीत टिकून राहतो आणि त्यावरून चालणाऱ्या कीटकाला पुढेही मारतो. दोन्हींत पायरेथ्रॉइड गटातली रसायने सर्रास वापरतात. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात सापडणाऱ्या द्रव्याची ही कृत्रिम भावंडे. माशांसाठी ती अतिशय घातक असतात. परमेथ्रिनसारखी काही मांजरांनाही सोसत नाहीत. तेव्हा फवारणीआधी फिश टँक झाकून पंप बंद करावा. फरशी पूर्ण वाळून घरात हवा खेळल्याशिवाय रांगत्या बाळाला खाली सोडू नये. ‘ओडरलेस’चा अर्थ वास येत नाही एवढाच. ‘हर्बल’ शब्दानेही सुरक्षिततेची हमी मिळत नाही. मूळ घटकाचे नाव विचारावे.

ढेकणांसाठी साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी सांगितली, तर तो पैसे काढण्याचा डाव समजू नये. अंडी फवारणीतून वाचतात. त्यातून पिल्ले बाहेर आल्यावर पुन्हा मारा करावाच लागतो.

वाळवी आणि ड्रिलिंग

घरातल्या वाळवीचे वारूळ बहुतेक वेळा जमिनीत असते. चौकटीवर दिसते ती फक्त तिची मातीची वाट. म्हणून भिंत व फरशीच्या सांध्यात ठरावीक अंतरावर भोके पाडून, त्यात औषध सोडून ती बुजवतात. त्यामुळे खालच्या मातीत विषारी पट्टा तयार होतो. तळमजल्यावर नुसती चौकट फवारून ‘वाळवी गेली’ म्हणणाऱ्याने मूळ तसेच ठेवलेले असते.

सर्वांत धोकादायक शब्द

‘फ्युमिगेशन’ हा शब्द धुरासाठी सरसकट वापरला जातो. डासांसाठी मारतात ते फॉगिंग. त्यात औषधाचे सूक्ष्म थेंब असतात. फ्युमिगेशन म्हणजे बंदिस्त जागेत विषारी वायू सोडणे. धान्याच्या गोदामांत त्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि तो फटींतून, डक्टमधून शेजारच्या घरातही शिरतो. उलट्या, डोकेदुखी, धाप ही लक्षणे अन्नातून विषबाधा झाल्यासारखी वाटतात आणि मोलाचा वेळ जातो. त्यावर उतारा नाही. शेजारच्या घरात ढेकणांसाठी ठेवलेल्या गोळ्यांनी झोपेतल्या माणसांचे जीव गेले आहेत. या गोळ्यांच्या वापरावर देशात कडक निर्बंध आहेत. ‘गोळ्या ठेवतो, घर बंद करून दोन दिवस गावाला जा,’ असे कोणी सांगितले, तर तिथेच नकार द्यावा. अशी लक्षणे एकाच वेळी घरातल्या अनेकांना दिसली, तर सर्वांनी आधी घराबाहेर पडावे आणि थेट रुग्णालय गाठावे.

डब्यावरचा रंग

भारतात कीटकनाशकाच्या डब्यावर चौकटीतला रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि सर्वांत कमी हिरवा. प्रयोगातले निम्मे प्राणी दगावण्यास शरीराच्या दर किलो वजनामागे किती मात्रा लागते, यावर ही प्रतवारी ठरते. तोंडावाटे ५० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा पुरत असेल तर लाल, ५,००० हून जास्त लागत असेल तर हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा मात्र अर्थ नाही.

कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि त्याखाली व्यावसायिक पेस्ट कंट्रोलसाठी परवाना लागतो. काम सुरू होण्यापूर्वी तो पाहावा. रसायनाचे नाव लिहून घ्यावे आणि डब्याच्या लेबलाचा फोटो काढून ठेवावा. अपघात झालाच, तर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील. बिनलेबलाच्या बाटलीतून औषध ओतणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

राहिली एएमसी. वर्षभराच्या या करारात किती फेऱ्या आणि कोणते कीटक येतात, ते लेखी घ्यावे. मात्र गळका नळ, रात्रभर ओटीवर राहिलेले खरकटे आणि पाइपाभोवतीची फट तशीच असेल, तर कोणताही करार पुरा पडत नाही.