घर स्वस्त का आहे, ते आधी विचारा

या पुरवणीसोबत आलेल्या मुख्य अंकाची आतली पानं एकदा उघडा. कुठेतरी कोपऱ्यात, बारीक अक्षरात ‘जाहीर नोटीस’ अशी चौकट सापडेल. अमुक मिळकत आमचे अशील विकत घेत आहेत, कोणाचा हक्क किंवा हितसंबंध असेल तर इतक्या दिवसांत कळवा, असा तिचा मजकूर असतो. आपण तिच्यावरून सरळ पुढे क्रिकेटच्या पानावर जातो. पण घरात जुनं घर घ्यायचा विषय निघाला, की या चौकटीची किंमत कळते.

विषय कसा निघतो, हे तुम्हाला माहीत आहे. सावेडी, केडगावातल्या नव्या फ्लॅटचे भाव ऐकून आई-बाबा गप्प होतात. मग एजंट सांगतो, माळीवाड्यात एक जुनं घर निघालंय. तीन खोल्या, वर माळवद, मागे छोटं अंगण आणि भाव फ्लॅटपेक्षा बराच कमी. ‘दुसरी पार्टी येऊन गेलीय, उद्याच इसार देऊन टाका,’ हे वाक्य ठरलेलं.

इथेच थांबा. तो इसार म्हणजे बाबांचा पीएफ असतो, आईची मोडलेली पाटली असते. आणि सरकारी वेबसाइट उघडून चार कागद शोधू शकणारं माणूस घरात बहुतेक वेळा तुम्हीच असता. म्हणून हा लेख तुमच्यासाठी.

प्रश्न एकच विचारायचा : घर स्वस्त का आहे? उत्तर तीन ठिकाणी सापडतं. बांधकामात, कागदात किंवा माणसांत.

भिंत बोलते, ऐका

अमेरिकेतल्या बफेलोसारख्या बर्फाच्या शहरात जुनं घर घेणारा माणूस आधी छप्पर आणि घर गरम ठेवणारी यंत्रणा तपासून घेतो. त्यासाठी पैसे देऊन तपासनीस बोलावण्याची तिथे पद्धतच आहे. आपल्याकडे बर्फ नाही, पण ऊन, पाऊस आणि वाळवी आहे. तपासणी मात्र आपण रंग बघून करतो.

माळवदाच्या घरात वर बघा. तुळई भिंतीत जिथे शिरते, तिथेच ती आधी कुजते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका; पोकळ आवाज आला तर वाळवीने आत काम केलेलं असू शकतं. भिंतीला खालून तीन फूटच नवा रंग दिला असेल, तर तो ओल झाकायला दिलाय का, ते विचारा. शेजाऱ्याबरोबरची भिंत सामाईक आहे का, तेही विचारा. तुम्ही पाडून बांधायला निघालात, तर त्याचंही घर हलेल.

1980-90 च्या दशकातला फ्लॅट असेल तर स्लॅबची खालची बाजू बघा. फुगलेलं प्लास्टर आणि तपकिरी ओघळ म्हणजे आतल्या सळया गंजल्यात. शक्य असेल तर भर पावसात घर बघा. आणि शेवटी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच. त्याची फी इसारापुढे काहीच नाही.

कागद मोबाइलवर, पण वाचायला डोळे हवेत

‘घरपट्टी माझ्याच नावावर आहे,’ असं मालक म्हणेल. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. नगर भूमापन कार्यालयाचं मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मागा. ते ऑनलाइनही निघतं. जुने व्यवहार सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे ‘इंडेक्स टू’मध्ये दिसतात, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मात्र वकिलाकडूनच घ्या.

पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून किंवा कुलमुखत्यारपत्रावर घर ‘विकलं’ जात असेल, तर उठून या. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय. रजिस्टर्ड खरेदीखत हवंच.

आपल्या शहराची आणखी एक खासियत. 1490 मध्ये वसलेल्या या नगरात निजामशाहीच्या खुणा जागोजागी आहेत. दमडी मशीद, बागरोजा यांसारख्या केंद्र-संरक्षित स्मारकांपासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि तिथून पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. ‘आत्ता घेऊ, नंतर पाडून दोन मजले चढवू’ हा बेत तिथे कागदावरच राहू शकतो. सीनाकाठी घर असेल तर पूररेषा कुठून जाते, जुन्या पेठेत असेल तर रस्ता रुंदीकरणात किती जागा जाणार, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा.

खर्चाचंही गणित मांडा. घर 25 लाखांचं असेल, तर नगर शहरात आजच्या दराने सहा टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे दीड लाख. वर नोंदणी फी 25 हजार. घर एकट्या आईच्या नावावर घेतलं तर महिलांच्या सवलतीमुळे मुद्रांक शुल्कात एक टक्का, म्हणजे 25 हजार वाचतात. सरकारी रेडी रेकनरचा दर व्यवहाराच्या रकमेपेक्षा जास्त असेल, तर शुल्क त्यावर लागतं. हे सगळे पैसे कर्जातून निघतील असं धरू नका, ते हातात लागतात. इमारत जुनी असेल तर बँक कर्जालाही हात आखडता घेते.

आत्याची सही

बांधकाम दुरुस्त होतं, कागद वेळ लावून का होईना सरळ होतात. माणसांचा गुंता सगळ्यात महाग पडतो.

घरात जुना भाडेकरू असेल, तर मालक बदलला म्हणून तो जात नाही. 1999 चा भाडे नियंत्रण कायदा त्याच्या पाठीशी आहे. ‘खरेदीनंतर आम्ही काढून देतो,’ यावर विश्वास ठेवू नका. जे व्हायचं ते खरेदीखताच्या आधी.

आणि वारस. जुना वाडा आजोबांच्या नावावर असतो, विकायला दोन भाऊ बसलेले असतात. बहिणी कुठे आहेत? ‘त्यांचं काय, त्या दिल्या घरी सुखी.’ 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला संभ्रमही दूर केला. मुस्लिम कुटुंबातही मुलींचा वाटा असतोच. म्हणून सगळ्या वारसांची यादी मागा. प्रत्येकाची खरेदीखतावर सही हवी, नाहीतर त्यांचं रजिस्टर्ड हक्कसोडपत्र हवं. एक सही राहिली, तर दहा वर्षांनी कोर्टाचं समन्स तुमच्या दारात येऊ शकतं.

त्या जाहीर नोटिशीचं कामच हे आहे. राहिलेल्या माणसाला हाक मारायची. पण संगमनेरला किंवा शेवगावला दिलेली आत्या रोज तो कोपरा वाचते का? नाही वाचत. मग तुम्हीच विचारा, ‘काका, तुम्हाला बहिणी किती?’ एजंटला हा प्रश्न आवडणार नाही. बाबाही डोळे वटारतील. तरी विचारा.

कारण उद्या एखादं स्वस्त घर तुमच्या आजोळचंही असू शकतं. तेव्हा राहिलेली सही तुमच्या आईची असेल.