बिडाचा तवा निवडताना

घावन-आंबोळीसाठी वर्षानुवर्षे टिकणारा तवा हवा असेल, तर बिडाचाच घ्यावा. बिडात साधारण 2 ते 4 टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते कडक, पण ठिसूळ. दुकानात तवा कडेला हलका धरून टिचकी मारावी. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर बहुधा तडा असतो. मूठ तव्यासोबतच ओतलेली हवी, जोडलेली कालांतराने सैल होते. तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तवा चांगला तापवला की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून काळा, घट्ट थर धरतो. नॉनस्टिकचा लेप खरवडला की भांडे संपले. बिडाच्या तव्यावरचा हा तेलाचा थर घरीच पुन्हा चढवता येतो, आणि मला हीच त्याची सर्वांत मोठी खुबी वाटते. चिंच-टोमॅटो मात्र त्यात शिजवू नये. तापलेल्या तव्यावर गार पाणी तर कधीच ओतू नये, तो तडकतो.