देवळापेक्षा वयाने मोठी

नाशिकच्या पंचवटीत, अगदी गोदावरीकाठी, नारोशंकराचं देऊळ आहे. पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते 1747 मध्ये बांधलं. दर्शनी बाजूला उंचावर टांगलेल्या प्रचंड घंटेवर मात्र साल आहे 1721. म्हणजे देऊळ उभं राहण्याआधी सव्वीस वर्षं ही घंटा दुसरीकडे कुठेतरी वाजत होती. कुठे?

पुढचा धागा हाती लागतो वाईजवळ मेणवलीला. नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर, अशीच एक अजस्र घंटा आहे. तिच्यावरचं साल 1707. खुद्द नाना जन्मले 1742 मध्ये! जवळ जाऊन बघावं तर घंटेवर बाळाला घेतलेली आई उठावात दिसते. एखादीला यशोदा वाटेल. पण ती आहे मेरी, आणि बाळ म्हणजे येशू.

इथे गाठ सुटते. आपल्या कारागिराने ओतलेल्या घंटेवर मेरी कशाला येईल? आणि सालही ख्रिस्ती. ही घंटा चर्चच्या मनोऱ्यातलीच. मनोऱ्यांचं गाव म्हणजे पोर्तुगीजांची वसई: जेझुइट, डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, सगळ्यांची चर्च एका तटाच्या आत. 16 मे 1739 रोजी ती चिमाजी आप्पांच्या हाती आली.   वसईच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. भीमाशंकरची घंटाही त्यांतलीच.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. घंटा म्हणजे तांबं आणि कथील, तोफेचाच धातू. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या कितीतरी घंटा वितळवून तोफा ओतल्या गेल्या आणि नाणी पाडली गेली. इथे त्या वितळवल्या नाहीतच, पण मेरीवर छिन्नीसुद्धा चालवली नाही. तासाभराचं काम होतं. घंटा तशीच देवाच्या दारी टांगली, म्हणून तर आज तिचं मूळ सांगता येतं.

नारोशंकराच्या पायथ्याची गोदावरीच पुढे आपल्या नांदेडला येते. जिल्ह्यातल्या उमरीत काय किंवा इतर कुठे, जुन्या देवळात मोठी घंटा दिसली तर नुसती वाजवून पुढे जाऊ नका. तिच्यावर अक्षरं आहेत का, साल आहे का, ते बघा, फोटो काढून ठेवा. आणि देवळाची रंगरंगोटी निघाली की पंचांना आधीच सांगा, घंटेला ऑइलपेंट लावू नका म्हणून.