कॅमेरा बघतो, पण लक्षात ठेवतो का?

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावात आता दारावरच्या कॅमेऱ्याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत घरची माणसं वावरात आणि घराला दिवसभर कुलूप. भाव वाढेल या आशेनं वेचलेला कापूस घरातच भरून ठेवलेला. पोरं शिक्षणाला नाही तर नोकरीला नागपूर-पुण्याला. अशा वेळी कॅमेऱ्याचा जिवाला तेवढाच आधार वाटतो. मोबाइल उघडला की अंगण दिसतं, फाटक दिसतं आणि आपण निश्चिंत होतो.

गफलत होते ती इथंच! आत्ताचं अंगण दिसणं वेगळं आणि कालचं अंगण साठून राहणं वेगळं. दूरवर चित्र दाखवण्याचं काम इंटरनेट करतं, साठवण्याचं काम मात्र कॅमेऱ्याच्या पोटातलं नखाएवढं मेमरी कार्ड करतं. ते बंद पडलं तरी मोबाइलवर चित्र दिसतच राहतं. त्यामुळे महिनोन् महिने पत्ता लागत नाही. लागतो तो नेमका नको त्या दिवशी.

कार्ड का रुसतं?

पहिलं कारण जागेचं. दोन मेगापिक्सलचा साधा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या हिशेबानं चोवीस तास रेकॉर्डिंग करत असेल, तर दिवसाला सुमारे २१ जीबी जागा लागते. म्हणजे ३२ जीबीचं कार्ड दीड दिवसात भरलं. १२८ जीबीचं पाच-सहा दिवस पुरेल. त्यानंतर कॅमेरा जुनं पुसून त्यावरच नवं लिहितो. आठ दिवस माहेरी जाऊन आलात, तर पहिल्या दिवसाचं काहीच हाती लागणार नाही. यावर उपाय म्हणजे हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग करण्याची सोय चालू करायची. फक्त कडुनिंबाची डोलणारी फांदी त्या चौकटीत येऊ देऊ नका, नाही तर कार्ड फांदीनंच भरेल.

दुसरं कारण झिजण्याचं. सारखी पुसून लिहिलेली पाटी झिजते, तसंच कार्डाचं. फोटोंसाठीचं साधं कार्ड या रात्रंदिवसाच्या कामात लवकर थकतं. कॅमेऱ्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं, निदान क्लास १० चं कार्ड घ्या आणि पक्कं बिल मागा. स्वस्तातल्या नकली कार्डावर १२८ छापलेलं असतं, पण आत जागा असते आठ-दहाचीच. आपला कॅमेरा किती जीबीपर्यंतचं कार्ड चालवतो, हेही खोक्यावर बघून घ्या.

तिसरं कारण विजेचं. लिहिता लिहिता लाइट गेली की फाइल अर्धवट राहते, कधी कधी सगळं कार्डच बिघडतं. राउटर आणि कॅमेऱ्याला मिळून एक छोटा यूपीएस लावला तर हा त्रास कमी होतो. फक्त रात्रीचंच रेकॉर्डिंग तुटत असेल, तर आधी अडॅप्टर आणि वायर तपासा. रात्री कॅमेऱ्याचे अंधारातले दिवे लागतात, वीज जास्त लागते आणि लांब, बारीक वायर ती पुरवू शकत नाही. मग कॅमेरा सारखा बंद-चालू होत राहतो.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! पारा ४५ च्या घरात गेल्यावर टिनाखाली तापणाऱ्या कॅमेऱ्यातल्या कार्डाचं आयुष्य घटणारच. कॅमेरा सावलीत हलवा.

आधी हे करून बघा

• अॅपमध्ये कार्ड दिसतं का, त्याची जागा बरोबर दाखवतं का, ते पाहा. तारीख-वेळही तपासा. वेळ चुकली असेल, तर रेकॉर्डिंग असूनही सापडत नाही.

• हवं ते चित्रण आधी मोबाइलवर उतरवून घ्या. फॉरमॅट केलं की सगळं पुसलं जातं.

• कॅमेऱ्याची वीज बंद करा, मगच कार्ड काढा. कोरड्या सुती फडक्यानं हलकेच पुसा आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा.

• फॉरमॅट संगणकावर न करता कॅमेऱ्याच्या अॅपमधूनच करा.

• कॅमेऱ्यासमोरून चालून जा आणि दहा मिनिटांनी ते चित्रण उघडून बघा. मग वीज बंद-चालू करून पुन्हा बघा. चित्रण टिकलं नाही, तर कार्ड बदला. नवं कार्डही चालत नसेल, तर दोष कॅमेऱ्यातच आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. या कार्डात आपल्या घरातलं येणं-जाणं, उठणं-बसणं साठलेलं असतं. दुरुस्तीला कॅमेरा देताना कार्ड काढून घ्या. पासवर्ड बदला. खराब झालेलं कार्ड तसंच फेकू नका, तोडून टाका.

काही घडलंच तर?

घरात चोरी झाली, कुणी दारात येऊन त्रास दिला, तर आधी वीज बंद करून कार्ड बाहेर काढा, म्हणजे त्यावर नवं लिहिलं जाणार नाही. संगणकानं ‘फॉरमॅट करा’ म्हटलं, तरी ‘हो’ म्हणू नका. मूळ कार्ड जपणं का महत्त्वाचं, हे जालन्याच्या एका खटल्यातून कळतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा प्रश्न आला होता. सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की, अशा चित्रणाची नक्कल दिली तर सोबत प्रमाणपत्र हवंच. मूळ साधनच मालकानं न्यायालयात हजर केलं, तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ६३ मध्ये नकलेसाठी प्रमाणपत्राची अट आहे. म्हणून पोलिसांना कार्ड देताना त्याची लेखी नोंद करून घ्या.

मैत्रिणींनो, हे काम घरातल्या मुलाचं किंवा दुकानातल्या माणसाचं, असं समजून बाजूला ठेवू नका. विजेचं बिल दर महिन्याला येतंच. ते हातात पडलं की त्याच दिवशी मोबाइलवर आदल्या रात्रीचं रेकॉर्डिंग उघडा आणि पाच मिनिटं बघा. फाटक दिसलं, वेळ बरोबर दिसली, की समजा आपला पहारेकरी जागा आहे.